चालू गाडी सगळेच दाखवतात

आमच्याकडे जीप दारात थांबली तरी इंजिन बंद करत नाहीत. माणसं चढतात, पोती चढतात, कोणी घरात जाऊन कोंबडी धरून आणतो, तोवर ते आपलं धडधडत असतं. बंद करायचीच तर उतारावर, तोंड खाली करून, चाकाला दगड लावून. मी धडगावच्या वर, सातपुड्यात अकरा वर्षं जीप चालवतोय. आठवीत शाळा सोडली. पुढचं जे काय शिक्षण झालं ते बॉनेटखाली झालं, असं मी लोकांना सांगायचो. मुंबईला जाऊन आलो आणि कळलं, की बॉनेटखालचंही अर्धंच झालं होतं.

पाड्यावरचे ड्रायव्हर भेटले की विचारतात, मुंबईत जुनी गाडी कशी बघतात, कुठलं इंजिन घ्यावं, जुनं का नवं. एकेकाला सांगून घसा बसला, म्हणून लिहितोय. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

आधी गेलो कशाला ते सांगतो. गेल्या वर्षी, पोळ्याच्या आधी, वहिनी बाळंतपणात अडली. वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. जीप घेऊन डोंगर चढून त्यांच्या दारात गेलो. धूर घरात शिरायला लागला, वहिनीला उलट्या. भाऊ म्हणाला, दोन मिनिटं बंद कर रे. मी केली. अंगण सपाट. वहिनीला आत बसवलं, चावी फिरवली, तर इंजिन धरेना. स्टार्टर फिरतोय, फिरतोय, इंजिन काही धरत नाही. शेवटी बॅटरी बसली. मग झोळी बांधली आणि नाल्याच्या काठाकाठाने चार किलोमीटर वहिनीला खांद्यावरून खाली आणलं. पोरगी वाटेतच झाली. दोघी जगल्या, देवाची कृपा. पण त्या वाटेत वहिनी एकदाही ओरडली नाही, आणि ते न ओरडणं माझ्या कानातून जात नाही.

ती जीप पुढे भंगारात गेली. दुसरी घ्यायची तर अशी, जी दारातून परत निघेल. एवढंच मागणं होतं.

लालबाग

मुंबईत माझा एकच माणूस, विनय सावंत. लालबागला चाळीत राहतो. तीन वर्षांपूर्वी मित्रांना घेऊन आमचे डोंगर बघायला आला आणि गाडी ओढ्यात रुतवून बसला. आम्ही दोन बैलजोड्या लावून ती काढली. तेव्हापासून दर दिवाळीला त्याचा फोन. माझी जीप गेल्याचं ऐकून म्हणाला, "गुलाब, इथे ये. डोंगरासाठी घेतलेल्या आणि डोंगर न बघितलेल्या गाड्या मुंबईत ढिगाने आहेत."

पत्ता मी कागदावर लिहिला, कागद हरवेल म्हणून तळहातावर लिहिला, आणि हात घामाने पुसला जाईल म्हणून वाटभर मूठ उघडी ठेवली. तरी गल्ली चुकलो. चुकलो ते बरं झालं. ज्या गल्लीत शिरलो तिथे दोन्हीकडे मिरच्यांचे ढीग, मसाले कांडायची यंत्रं, आणि हवेत असा ठसका, की मी चार शिंका दिल्या आणि एकदम घरी आल्यासारखं वाटलं. एका ढिगावर पाटी होती. मी पाट्या सावकाश वाचतो. वाचली: नंदुरबार. आमच्या जिल्ह्याची मिरची माझ्या आधीच तिथे पोचली होती आणि तिला कोणी पत्ता विचारत नव्हतं.

विनयच्या आईने दारातच विचारलं, "खयसून इलंस म्हणालंस? नंदुरबार? मग आमचो मसालो तुमच्याच मिरचीचो रे!" ही सावंतकाकू. मूळ मालवणची, लग्न होऊन लालबागला आली, बोलणं अजून तिकडचं. मी तिच्यासाठी घरचा आमचूर नेला होता. तिने हुंगला, जिभेवर ठेवला आणि आत नेला. रात्री बांगड्याचं तिखलं पानात आलं तेव्हा म्हणाली, "आज सोलां नाय, तुझो आमचूर घातलंय. कसो झालो, खरां सांग." सोलां म्हणजे आमसुलं. समुद्रातला मासा आणि डोंगरातला आंबा. मी भात तीनदा घेतला.

आमच्याकडे घरं लांब लांब असतात, एक घर एका टेकडीवर. पाहुणा कशाला आला ते दुसऱ्या टेकडीला आठवड्याने कळतं. चाळीत जेवून हात धुवायला बाहेर आलो तोवर अख्ख्या मजल्याला माहीत होतं. गॅलरीत खुर्च्या आल्या. एक जण म्हणाला, "डोळे झाकून कॉमन रेल घे. कॉम्प्युटर सांभाळतो सगळं." दुसरा म्हणाला, "आणि कॉम्प्युटर बिघडला की तू सांभाळ." तिसऱ्याने आयुष्यात गाडी घेतली नव्हती, पण सगळ्यात जास्त तोच बोलला. ज्यांना हा घोळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या डिझेल इंजिनात पंप आणि नोझल, सगळं लोखंडी, पान्याने खोलायचं. नव्यात, ज्याला कॉमन रेल म्हणतात, डिझेल किती आणि कधी सोडायचं ते एक डबी ठरवते. आवाज कमी, धूर नाही, ताकद जास्त. पण बिघाड शोधायचा तर स्कॅनर लावावा लागतो.

विनयने दोन गाड्या बघून ठेवल्या होत्या. एक नवी, एक जुनी. मला गॅलरीत अंथरूण घातलं. मी पडल्या पडल्या दोन्हींची तुलना करत राहिलो, न बघताच.

गिरगाव

नवी गाडी केळकरकाकांची. म्हणजे त्यांच्या मुलीची. तिने गड-किल्ले फिरायला हौसेने घेतली आणि वर्षभरात नोकरीवर परदेशी गेली. केळकरकाका बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी मला "या गुलाबराव, बसा" म्हटलं. माझ्यामागे राव लावणारा हा पहिला माणूस. मी खुर्चीच्या टोकाला बसलो तर म्हणाले, "अहो, नीट बसा, खुर्ची जुनी असली तरी मजबूत आहे." काकूंनी थालीपीठ आणि लोण्याचा गोळा आणला. आमच्याकडे सौदा झाल्यावर खायला घालतात, इथे आधीच घातलं.

गाडी समुद्राच्या रस्त्याने चालवून बघितली. काय सांगू! पाय ठेवला की पळते. आवाज असा, की विनय शेजारी बसून हळू बोलला तरी ऐकू येत होतं. मी अकरा वर्षं प्रवाशांशी ओरडूनच बोललोय. मागे बघितलं, धूर नाही. त्या क्षणी मला वहिनीच्या उलट्या आठवल्या आणि मी मनात म्हटलं, हीच. सोसायटीच्या आवारात येऊन सहा वेळा बंद केली, सहा वेळा चालू केली. एका टिचकीत. वॉचमन विनयला म्हणाला, "इसको बटन का मजा आ रहा है." येत होतीच.

मग काकांनी फाईल काढली. पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक पावती, तारखेने लावलेली. सगळं इंग्रजी. मी पानं उलटत राहिलो, जणू वाचतोय. काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "अक्षर फार बारीक आहे, मीच वाचतो." एकेक पान मराठीत सांगायला लागले. अक्षर काही बारीक नव्हतं. हे मी विसरणार नाही.

निम्म्या फाईलवर थांबले. "गुलाबराव, तुमच्याकडे डिझेल कुठे भरता?"

"पंप लांब आहे काका. एक माणूस कॅनमध्ये आणून ठेवतो. निळा ड्रम आहे त्याचा. पावसात थोडं पाणी जातं, पण आम्ही फडक्याने गाळतो."

काकांनी काकूंकडे बघितलं. मग एक पान काढून सावकाश वाचलं. मुलीने एकदा हायवेवर कुठेतरी डिझेल भरलं, त्यात पाणी निघालं. डिझेल फवारणारे चारही इंजेक्टर गेले. गाडी उचलून आणावी लागली, आठ दिवस वर्कशॉपमध्ये होती. वाचून फाईल मिटली. "विकायची मला घाई आहे. जागेचा प्रश्न आहे. पण हे न सांगता विकली तर तुमचा ड्रम माझ्या डोळ्यांसमोर राहील. निर्णय तुमचा."

खाली आल्यावर विनय म्हणाला, "बघ, ते पान त्यांनी वाचलं नसतं तर आपल्याला कळलं पण नसतं."

मी म्हटलं, "म्हणूनच वाटतं ह्यांचीच घ्यावी."

"माणूस घ्यायचाय का इंजिन?" विनय म्हणाला.

वरळी कोळीवाडा

जुनी गाडी हिराबायची. कोळीवाड्याच्या गल्ल्या अशा, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने दारात चढायचं. बोंबील वाळत घातलेले, त्यांचा वास आधी नाकात बसतो, मग अंगात, आणि अर्ध्या तासाने भूक लागते. जीप गल्लीच्या तोंडाशी उभी होती. आत कोणी नाही आणि इंजिन चालू.

अगदी आमच्यासारखं!

हिराबाय बर्फाची पेटी उतरवत होती. पन्नाशीची बाई, हातात बांगड्या आणि बांगड्यांवर खवले. मी चावीकडे हात नेला तशी ओरडली, "ए दादा, बंद नको करू हां! सकाळी चालू केली का दुपारी जेवायलाच बंद होते ती."

"आमच्याकडेपण असंच करतात," मी म्हटलं.

"मग तू शहाण्या मुलखातला दिसतंस. हे मुंबईचे लोक सिग्नलवर बंद करतात."

जाळी, पेट्या, होडीच्या इंजिनाचे भाग, सगळं ती ह्याच जीपने नेते. बारा वर्षं. मी विचारलं, नवं इंजिन का नाही घेतलं? तिने समुद्राकडे हात केला. "आमच्या बोटीत पण असलंच हाय, जुनं. तिथे खोल पाण्यात बंद पडलं तर कोण येनार मशीन घेऊन? नवऱ्याकडे पाना हाय, तेवढ्यात व्हायला पायजे."

आमचा डोंगर आणि तिचा समुद्र, दोन्हीकडे कोणी येणार नाही. मी चाळीस पावलं गाडी पुढे घेतली, चाळीस मागे. दणकट. हादरे बसतात, धूर येतो, पण इंजिनाचा ठेका एकसारखा, कुठे अडखळ नाही. मी तिथल्या तिथे म्हणून टाकलं, "घेतली."

विनयने मला दंडाला चिमटा काढला. "मेकॅनिक नानांना दाखवल्याशिवाय नाही."

"दाखव की!" हिराबाय म्हणाली. "माझी गाडी काय नवरी हाय लाजायला?" आणि वाळलेल्या बोंबलांची एक पुडी माझ्या हातात कोंबली. गाडी घेवो न घेवो.

परळ

नाना परब म्हणजे विनयच्या वडिलांचे मित्र. परळमध्ये एका बंद गिरणीच्या भिंतीला लागून त्यांचं गॅरेज. उमर सत्तरीला आलेली, कपडे पांढरे, आणि कपड्यांवर तेलाचा एक डाग नाही. मी पहिल्यांदा समजलो हे गॅरेजच्या मालकाचे कोणी पाहुणे.

आम्ही आणलेल्या हिराबायच्या जीपचं त्यांनी बॉनेट उघडलं नाही. टायर बघितले नाहीत. फक्त म्हणाले, "चालूच आणलीत ना? बस." विनय मागे, मी शेजारी, नाना स्टीअरिंगवर. दुपारची वेळ, लालबागच्या पुलावरून वर, खाली, हिंदमाता, परत वर, गर्दीत मुद्दाम पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. तासभर. मला वाटलं म्हातारबाबा फिरायला निघालेत. काटा चढला, इंजिन चांगलं तापलं. मग गॅरेजसमोर सपाट जागेवर आणून चावी फिरवून बंद केली.

"नाना, बंद नको..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"का रे?"

"ती... बंद करत नाहीत ती."

"चालू गाडी सगळेच दाखवतात, बाबा. बंद करून दाखव." आणि त्यांनी चहा मागवला. सावकाश प्यायले. कप धुऊन पालथा घातला. मग मला म्हणाले, "लाव आता."

मी चावी फिरवली. स्टार्टर फिरला. इंजिन धरेना. पुन्हा फिरवली. तोच आवाज. नुसता स्टार्टर फिरण्याचा तोच आवाज, मला तो झोपेतही ओळखू येतो. मी चावी सोडून बाहेर आलो आणि भिंतीला टेकलो. विनय घाबरला, त्याला वाटलं मला चक्कर आली.

नानांनी आता बॉनेट उघडलं. डिझेलच्या पंपावर एक फडकं टाकलं आणि मगाने गार पाणी हळूहळू ओतलं. एक मग, दुसरा मग. वाफ निघाली. दोन मिनिटं थांबले. "लाव."

अर्ध्या फेरीत चालू.

मी कधी एवढा मूर्खासारखा उभा राहिलो नसेन. नाना समजावत होते, "पंप झिजलाय. थंड असताना डिझेल जाड असतं, दाब बनतो. तापला की डिझेल पातळ होतं, आतल्या आत गळतं, दाब बनत नाही. चालू असेल तोवर कळतच नाही. उतारावरून ढकलली तर इंजिन जोरात फिरतं, मग धरतं. म्हणून लोकं काय करतात? बंदच करत नाहीत. म्हणतात गाडीची सवय आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुझी पहिली अशीच होती काय रे?"

मी वहिनीची सगळी हकीकत सांगितली. उतार, सपाट अंगण, झोळी. शेवटी म्हटलं, "नाना, आम्ही तिला नाल्याच्या काठाने नेलं. चार किलोमीटर. पाणी बाजूलाच वाहत होतं."

गिरणीच्या भिंतीवर एक पिंपळ आलाय, त्याच्या सावलीत आम्ही तिघे होतो. नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्या हाताला डिझेलचा वास होता. "मला कोणी सांगितलं म्हणून मला माहीत. तुला सांगणारा कोण होता? आता तुला माहीत झालं. तू वर जाऊन पाच जणांना सांग, म्हणजे फिटलं."

आणि मग जे मला विचारायचं होतं ते विचारलं. कुठलं घेऊ? मला वाटलं आता नाना म्हणतील, ही नको, नवीच घे. ते म्हणाले, "केळकरांची गाडी मी ओळखतो, सुरेख आहे. मुंबईत राहायचा असतास तर तीच घे म्हणालो असतो. पण तुझ्या ड्रमचं पाणी तिला एक दिवस मारणार आणि त्या दिवशी तुझ्या हातात काही नसणार. हिराबायची आजारी आहे. पण आजार कळलाय, औषध आहे, आणि ते तुला शिकवता येतं. कुठल्या दुखण्याबरोबर राहायचं ते तू ठरव."

धुराचं मी विचारलं. त्यावर त्यांनी साधं उत्तर दिलं: "दारात बंद करायची. म्हणजे धूर नाही."

केळकरकाकांना फोन करून जुनीच घेतोय म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "उत्तम केलंत गुलाबराव. पोचल्यावर फोन करा, नाहीतर काकू मला विचारत बसतील." हिराबायला पंपाचं सांगितलं तर ती हसत सुटली. "अगं बाय! बारा वर्सं आमी तिला सवय समजलो, आनि नुसतं डिझेल जाळलं!" पंप दुरुस्त करायचा खर्च तिने स्वतःच्या अंगावर घेतला. मी नको म्हणत होतो. म्हणाली, "गप रं. माझ्या गाडीत कुनी अडली असती तर?"

पंप दुरुस्त होऊन आला. नानांनी तो बसवला नाही, माझ्याकडून बसवून घेतला. बसवला की म्हणाले, "काढ." काढला. "बसव." असं तीनदा. तिसऱ्या वेळी ते खुर्ची घेऊन पाठ करून बसले. "इथे नाना नाहीत, फोनला रेंज नाही. कर." शिवाय डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा एक जादा फिल्टर लावून दिला आणि बजावलं, की ड्रममधलं डिझेल आधी रात्रभर स्थिर राहू द्यायचं, तळाचं कधी घ्यायचं नाही. मग पुन्हा लालबागच्या पुलावर वर-खाली, तापवली, बंद केली, चहा. चालू. पुन्हा बंद. चालू. सावंतकाकूंनी वाटेसाठी मसाल्याचा डबा दिला. म्हणजे आमची मिरची भाजून, कांडून, परत आमच्याच घरी.

घरी

वाटेचं काही लिहीत नाही, रस्ता सगळ्यांनी बघितलाय. शेवटचा घाट चढून भावाच्या अंगणात गाडी नेली तेव्हा इंजिन असं तापलं होतं, की बॉनेटवर हात ठेवता येईना. अंगण तेच, सपाट. वहिनी पोरीला कडेवर घेऊन दारात आली. धूर तिच्याकडे जायला लागला तशी तिने पदर नाकाला लावला, पण बोलली, "राहू दे चालू, राहू दे."

मी चावी फिरवली. बंद.

एकदम एवढी शांतता झाली, की खालच्या नाल्याचं पाणी ऐकू आलं. वहिनी गाडीकडे बघत राहिली, माझ्याकडे नाही. फोनवर मी तिला पंपाचं, फडक्याचं, गार पाण्याचं सगळं सांगितलं होतं, तेव्हा ती फक्त हं हं करत होती. आता आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. अंगणात मधोमध उभी राहून म्हणाली, "हे तुला प्यायला, का तिला?"

भाऊ हसला. मग मीपण. मी अर्धा तांब्या प्यायलो, उरलेला पायरीवर ठेवला आणि आत जाऊन बसलो. चहा झाला, बोंबील भाजले, मुंबईच्या गोष्टी झाल्या. इंजिन बाहेर तसंच गरम, बंद. निघताना चावी फिरवली.

तांब्यातलं पाणी लागलं नाही. पोरीने त्यात दोन्ही हात घालून ते सांडून टाकलं.